मॅगी निकोल्स : ऑलिंपिक हुकल्यानंतरची कारकीर्द

औदुंबर (धागाकर्ता)

रिओ ऑलिंपिक म्हटले की आपल्याकडे दीपा कर्माकरची 'प्रोडुनोव्हा' ही व्हॉल्टवरची अवघड उडी आठवते. १५.०६६ गुण, चौथा क्रमांक आणि ०.१५० गुणांनी निसटलेले कांस्यपदक हे तपशील तेव्हा जिम्नॅस्टिक्सची एरवी गंधवार्ता नसलेल्यांनाही तोंडपाठ झाले होते. मला मात्र त्या स्पर्धेला न गेलेल्या एका खेळाडूविषयी लिहायचे आहे, कारण खेळाडूची कारकीर्द कुठून कुठपर्यंत मोजायची, या प्रश्नाचा विचार करताना मला प्रत्येक वेळी तिचेच नाव आठवते.

मॅगी निकोल्सचा जन्म १९ सप्टेंबर १९९७ चा. तिचे गाव लिटल कॅनडा; नावावरून फसू नये, हे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहराचे एक छोटे उपनगर आहे. 'ट्विन सिटी ट्विस्टर्स' या क्लबमध्ये सारा यांत्झी यांच्या हाताखाली ती घडली. २०१४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत चारही साधनांच्या एकत्रित गुणांवर ती तिसरी आली आणि २०१५ मध्ये सिमोन बाइल्सच्या पाठोपाठ दुसरी. त्या काळात बाइल्सच्या मागे दुसरे येणे म्हणजे जवळजवळ जगात दुसरे येणे होते, हे ज्यांनी ती वर्षे पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

त्याच वर्षी ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेने सांघिक सुवर्ण जिंकले. सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर संघाच्या तिघीच उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. एकीचा पाय घसरला तर ते झाकायला चौथी नसते. अशा बारा सादरीकरणांपैकी चार एकट्या निकोल्सची होती, म्हणजे व्हॉल्ट (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी), अनइव्हन बार्स (उंचसखल दांड्या), बीम (अरुंद तुळई) आणि फ्लोअर (जमिनीवरची कसरत) या चारही ठिकाणी प्रशिक्षकांनी तिच्यावर विसंबून राहायचे ठरवले होते. फ्लोअरच्या वैयक्तिक अंतिम फेरीत बाइल्स आणि रशियाची क्सेनिया अफानास्येवा यांच्यानंतर तिला कांस्यपदक मिळाले.

मार्च २०१६ मध्ये ती अमेरिकन कप स्पर्धेत गॅबी डग्लसच्या मागे दुसरी आली. त्यानंतर काही आठवड्यांतच सराव करताना व्हॉल्टवर तिच्या गुडघ्याची कूर्चा फाटली. ती उडी अमानार होती : उलटे होऊन टेबलावर हात टेकायचे आणि हवेत शरीर ताठ ठेवून अडीच गिरक्या घेत खाली यायचे. शस्त्रक्रिया झाली. जुलैमध्ये सॅन होजे येथील निवड चाचणीत ती चारही साधनांवर खेळली आणि सहावी आली. संघ पाच जणींचा होता. त्यात तिचे नाव नव्हते, आणि राखीव म्हणून निवडलेल्या तिघींमध्येही नव्हते. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. त्याच महिन्यात तिने आंतरराष्ट्रीय स्तरावरील स्पर्धांमधून निवृत्ती घेतली.

आपल्या नेहमीच्या मोजपट्टीने पाहिले तर ही गोष्ट इथेच संपते. प्रत्यक्षात त्याच वर्षी ती ओक्लाहोमा विद्यापीठात दाखल झाली आणि २०१७ पासून के. जे. किंडलर यांच्या संघातून खेळू लागली. तिच्या पहिल्याच हंगामात संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१८ मध्ये ती वैयक्तिक सर्वसाधारण (म्हणजे चारही साधनांच्या एकत्रित गुणांवर) विजेती ठरली, परंतु संघाचे विजेतेपद कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संघाकडे गेले : १९८.०७५० विरुद्ध १९८.०३७५. हा फरक ०.०३७५ गुणांचा आहे, आणि लॉस एंजेलिसच्या शेवटच्या खेळाडूने, म्हणजे मूळच्या कॅनडाच्या पेंग-पेंग ली हिने, बीमवर पूर्ण १० मिळवल्यामुळे तो पडला. २०१९ मध्ये मात्र वैयक्तिक आणि सांघिक, दोन्ही विजेतेपदे निकोल्सच्या पदरात आली. महाविद्यालयीन काळात तिने चारही साधनांवर पूर्ण १० मिळवण्याची कामगिरी करून दाखवली, जी आजवर थोड्याच जणींना साधली आहे.

या दुसऱ्या पर्वाचा उल्लेख अनेक लेखांत 'ऑलिंपिक हुकले, पण महाविद्यालयात यश मिळाले' अशा सुरात होतो. त्या 'पण'ला माझा आक्षेप आहे. माझ्या मते तिच्या कारकिर्दीचा गाभा हे दुसरे पर्वच आहे. जाणकारांनी आपले मत मांडावे.

कातळ

लेख आवडला, तरीही मी त्या 'पण'च्या बाजूने उभा राहणार आहे.

२००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधील गुणदानाच्या वादानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने दहाची मर्यादा काढून टाकली. २००६ पासून काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे मोजले जातात आणि त्यांची बेरीज होते. दीपाच्या प्रोडुनोव्हाचे काठिण्य ७.० होते, निकोल्सच्या अमानारचे ६.३. म्हणजे उडी जेवढी अवघड तेवढी गुणांची सुरुवात वरून होते आणि त्याला कागदोपत्री छप्पर नाही. अमेरिकी महाविद्यालयांनी मात्र जुनी दहाचीच पद्धत ठेवली आहे. तिथे ठरावीक काठिण्य गाठले की पुढे जाण्यात काही लाभ उरत नाही, म्हणून जगज्जेती खेळाडूही सोपी उडी मारते. निकोल्सच अमानार सोडून त्याच जातीच्या, पण दीड गिरकीच्या युर्चेंको उडीवर आली, कारण तिथे दहापासून सुरुवात व्हायला तेवढी पुरते.

दुसरे असे की, या दहांचे पीक हल्ली फार येते. १९७६ मध्ये माँट्रिअलला नादिया कोमानेचीने पहिला १० मिळवला तेव्हा फलकावर तो दाखवण्याची सोयच नव्हती, म्हणून १.०० असे दिसले. आज फ्लोरिडाच्या ट्रिनिटी थॉमसने २०२३ मध्ये कारकिर्दीतला अठ्ठाविसावा १० मिळवला आणि तरीही तो नवा विक्रम ठरला नाही, जुन्या विक्रमाची बरोबरीच ठरली. घरच्या प्रेक्षकांसमोर पंचांचा हात सैल होतो, असे मला तरी दिसते. ग्लासगोचे कांस्य आणि असा एखादा १० यांना एका तागडीत घालू नये.

औदुंबर

कातळ, तुमचा पंचांविषयीचा मुद्दा मी मान्य करतो. घरच्या मैदानावर गुण उदार होतात, याविषयी तिकडचे चाहतेसुद्धा दर आठवड्याला तक्रार करतात.

परंतु 'सोपी उडी' या शब्दप्रयोगाशी मी सहमत नाही. काठिण्याला छप्पर घातले की स्पर्धा सफाईवर येते, आणि सफाईची स्पर्धा निर्दयी असते. उतरताना एक पाऊल सरकले की १० गेला. शिवाय आंतरराष्ट्रीय खेळाडू वर्षभरात मोजक्या स्पर्धांसाठी शरीर तयार करते, तर महाविद्यालयीन हंगाम जानेवारी ते एप्रिल असा चालतो आणि त्यात जवळजवळ दर आठवड्याला उतरावे लागते. प्रत्येक साधनावर सहा जणी उतरतात, पाच जणींचे गुण धरले जातात आणि संघाची बेरीज दोनशेपैकी होते. अशा रचनेत वर्षानुवर्षे न पडता खेळणारी मुलगी संघासाठी किती मोलाची, हे ०.०३७५ च्या त्या पराभवावरूनच कळावे.

आणि अडीचवरून दीड गिरकीवर येणे यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. ज्या उडीने गुडघा गेला ती उडी पुन्हा मारायची नाही, आणि तरीही सर्वोच्च गुणांची वाट खुली राहते, अशी व्यवस्था खेळाने करून ठेवली असेल तर ती शहाणपणाची म्हणावी लागेल. हंगामात आठवड्याला वीस तासांहून अधिक सराव करवून घेता येत नाही, हा तिथला नियमही याच जातीचा आहे.

शेवंती

मी गेली नऊ वर्षे मिनिआपोलिसच्या परिसरात राहते आणि माझी अकरा वर्षांची मुलगी इथल्या एका क्लबमध्ये जाते. इथे निकोल्सचे नाव घरोघरी ठाऊक आहे. २०२१ मध्ये टोकियोत सर्वसाधारण विजेती ठरलेली सुनीसा ली हीसुद्धा सेंट पॉलचीच, त्यामुळे आमच्या भागातील मुलींना ऑलिंपिक म्हणजे शेजारच्या गल्लीतली गोष्ट वाटते.

औदुंबर, तुमचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण निकोल्सविषयी लिहून तुम्ही सर्वांत मोठी गोष्ट गाळली आहे. ती जाणीवपूर्वक गाळली असेल तर त्याचे कारण वाचायला आवडेल. आम्हा पालकांना तिचे नाव पदकांमुळे माहीत झालेले नाही. मुलीला क्लबमध्ये घालताना मी पहिला प्रश्न विचारला तो सराव बाहेरून दिसतो की नाही हा. आता प्रौढ व्यक्ती आणि अल्पवयीन खेळाडू यांच्यातील प्रत्येक भेट इतरांना दिसेल आणि मध्येच थांबवता येईल अशाच ठिकाणी व्हावी, असा नियम आहे. पूर्वी राष्ट्रीय संघाची शिबिरे टेक्सासमधील कॅरोली या प्रशिक्षक दांपत्याच्या रानातल्या केंद्रावर होत आणि तिथे आईवडिलांना प्रवेश नसे. हे वाचले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती.

औदुंबर

शेवंती, तुमचे म्हणणे रास्त आहे. मी ते गाळले, कारण तिच्यावर लिहिलेल्या बहुतेक लेखांत खेळ दोन ओळींत संपतो आणि उरलेला सगळा मजकूर त्या प्रकरणाचा असतो. एकदा तरी आधी खेळाडू म्हणून तिची ओळख व्हावी, असे वाटले. पण ते वगळून तिची कारकीर्द समजत नाही, हेही खरे. म्हणून क्रमाने लिहितो.

जून २०१५ मध्ये, म्हणजे ग्लासगोच्या काही महिने आधी, सतरा वर्षांची निकोल्स त्या केंद्रावरील शिबिरात होती. संघाचा डॉक्टर लॅरी नासर उपचारांच्या नावाखाली खेळाडूंचे जे लैंगिक शोषण करत होता त्याविषयी ती दुसऱ्या एका खेळाडूशी बोलत असताना सारा यांत्झी यांच्या कानावर ते पडले. त्यांनी तिला विचारले, तिच्या आईला कळवले आणि राष्ट्रीय महासंघाकडे तक्रार केली. महासंघाला या प्रकाराची अशी माहिती मिळण्याची ती पहिलीच वेळ असल्याचे मानले जाते. महासंघाने केंद्रीय तपास यंत्रणेला, म्हणजे एफबीआयला, जुलैच्या अखेरीस कळवले. आणि मग बराच काळ काहीच हलले नाही. निकोल्सचा जबाब घ्यायलाही तपास अधिकारी कित्येक महिने फिरकले नाहीत. या दिरंगाईवर अमेरिकी न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२१ मध्ये कठोर अहवाल दिला. त्यात नोंद आहे की, दिवाणी दाव्यांतील कागदपत्रांनुसार तक्रार पोहोचल्यानंतरच्या त्या काळात सुमारे सत्तर किंवा त्याहून अधिक खेळाडूंवर अत्याचार झाल्याचा आरोप आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार' या वृत्तपत्राने नासरवर आरोप करणाऱ्या माजी जिम्नॅस्ट रेचल डेनहॉलंडर यांची कहाणी छापली, तेव्हा प्रकरण जगासमोर आले. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. ग्लासगोत चार वेळा उतरणारी, फ्लोअरवर कांस्य घेणारी, गुडघा शिवून निवड चाचणीला आलेली ही मुलगी तो सगळा काळ ही गोष्ट मनात घेऊन खेळत होती, आणि मोठ्यांनी तिला गप्प राहायला सांगितले होते. कागदपत्रांत तिचे नाव 'ॲथलीट ए' असे होते.

९ जानेवारी २०१८ रोजी तिने स्वतःच्या नावाने निवेदन प्रसिद्ध केले. तेव्हा ती महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि हंगाम नुकताच सुरू झाला होता. पुढच्याच आठवड्यात लॅन्सिंग येथील न्यायालयात पीडितांची निवेदने सुरू झाली. तिच्या वतीने तिची आई जीना निकोल्स उभी राहिली. २४ जानेवारीला नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या काही दिवस आधी, १८ जानेवारीला, महासंघाने टेक्सासच्या केंद्राशी संबंध तोडले होते.

आणि एप्रिलमध्ये ती सर्वसाधारण विजेती झाली. त्याच हंगामात.

सरळरेघ

हा शेवटचा प्रतिसाद वाचून एक प्रश्न विचारावासा वाटतो. तक्रार केली म्हणूनच तिला रिओच्या संघातून वगळले, असे मी अनेक ठिकाणी ठामपणे लिहिलेले वाचले आहे. ते खरे मानावे काय? सहाव्या क्रमांकाची खेळाडू राखीवमध्येही नसावी, हे मला विचित्र वाटते.

औदुंबर

तिच्या आईवडिलांनी हा संशय जाहीरपणे व्यक्त केला आहे आणि त्यांच्या जागी कोणालाही तो आला असता. परंतु तो सिद्ध झालेला नाही आणि मी तो सिद्ध झाल्यासारखा मांडणार नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑलिंपिक संघ क्रमवारीने निवडत नाहीत. कोणत्या साधनावर कोणाची गरज आहे ते पाहून निवडतात. मॅडिसन कोशियन बार्ससाठी गेली आणि त्या साधनावर रौप्यपदक घेऊन परतली. निकोल्स गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला तीन महिने होतात न होतात तोच चाचणीला आली होती. बार्सवर ती कोशियनच्या तोडीची नव्हती, आणि फ्लोअर व बीमवर बाइल्स, रेझमन आणि हर्नांडेझ होत्या. म्हणून पाचांत तिचे नसणे मला खेळाच्या हिशेबाने समजते. राखीवमध्ये नसणे मात्र मलाही समजत नाही. खेळाडूची सगळी धडपड ज्या महासंघाच्या हाती आहे, त्याच महासंघाविरुद्ध तक्रार करावी लागणे, हीच मुळात अशी रचना आहे की तिथे कोणताही निर्णय निःशंक वाटू शकत नाही. संशयाला जागा निर्माण केली ती महासंघानेच.

जुनापट

मी पुणे जिल्ह्यात बावीस वर्षे शाळकरी मुलांना जिम्नॅस्टिक्स आणि मल्लखांब शिकवला. या धाग्यावर काय लिहावे ते कळत नव्हते, पण 'दुसरे पर्व' हा शब्द मनात राहिला.

आमच्याकडे मुली सात-आठ वर्षांच्या असताना येतात. बारा-तेरापर्यंत राज्य स्पर्धेला पोहोचतात. नववी संपली की पालक भेटायला येतात आणि ते काय बोलणार हे मला त्यांच्या चपला काढण्यावरूनच कळते : दहावीपुरते थांबवू, नंतर पुन्हा आणू. पुन्हा आलेल्या मुली मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. आंतरविद्यापीठ स्पर्धा आपल्याकडेही होतात, खेळाडूंना शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, पण अठराव्या वर्षी नव्याने संघात येऊन बावीसपर्यंत खेळावे आणि त्यावर शिक्षणाचा खर्च निघावा, अशी सोय आम्ही मुलींना दाखवू शकलो नाही. कातळ यांना तिथले दहा स्वस्त वाटतात. मला त्या खेळाडूंचे वय पाहूनच हेवा वाटतो.

अर्थयात्री

पैशाचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून थोडक्यात लिहितो. जुलै २०२१ पूर्वी जाहिरातीचा एक डॉलर घेतला तरी महाविद्यालयीन संघाची दारे बंद होत. बाइल्सने लॉस एंजेलिसच्या संघात जायचे ठरवले होते. २०१५ मध्ये व्यावसायिक व्हायचे ठरवल्यावर तिला ते सोडावे लागले. उलट लंडन ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघातील कायला रॉस हौशीच राहिली, म्हणून ती महाविद्यालयात जाऊ शकली. म्हणजे सोळा-सतराव्या वर्षी, पदक मिळेल की नाही हे ठाऊक नसताना, हा जुगार खेळायचा. नियम बदलल्यावर सुनीसा ली ऑबर्न विद्यापीठात आणि जॉर्डन चाइल्स लॉस एंजेलिसला गेली, कमाईही केली आणि दोघी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णविजेत्या संघात होत्या. आता महाविद्यालय ही निवृत्तीनंतरची जागा राहिलेली नाही, त्यामुळे औदुंबर यांच्या 'पण'च्या आक्षेपाला निदान यापुढे तरी बळ मिळेल.

कातळ

जुनापट यांचा प्रतिसाद वाचून मी माझे वाक्य थोडे सौम्य करतो. तागडी वेगळी ठेवा, एवढेच म्हणणे आहे. एक तागडी खोटी, असे नव्हे. निकोल्सच्या चौथ्या वर्षाचे काय झाले ते मात्र मूळ लेखात आले नाही.

औदुंबर

चौथे वर्ष अर्धेच राहिले. मार्च २०२० मध्ये करोनामुळे राष्ट्रीय स्पर्धा रद्द झाल्या, त्यामुळे सलग तिसऱ्यांदा वैयक्तिक विजेतेपद मिळवण्याची संधीच तिला मिळाली नाही. निरोपाची स्पर्धा नाही, शेवटची उडी कोणती हे उडी मारताना ठाऊक नाही. तीच गत त्या वर्षी कायला रॉसचीही झाली.

त्यानंतर ती सर्वांसमोर आली ती १५ सप्टेंबर २०२१ रोजी, वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे. एफबीआयच्या दिरंगाईची ती सुनावणी होती. बाइल्स, मकेला मरोनी, अ‍ॅली रेझमन आणि निकोल्स अशा चौघींनी तिथे साक्ष दिली. बाकीच्या तिघी ऑलिंपिक सुवर्णविजेत्या होत्या. सहा वर्षे उलटूनही आपल्याला आणि आपल्या कुटुंबाला फारशी उत्तरे मिळालेली नाहीत, असे निकोल्सने समितीला सांगितले. आणि हे 'ॲथलीट ए'च्या बाबतीत घडले नसून मॅगी निकोल्सच्या बाबतीत घडले आहे, हे तिने तिथे नोंदवून घ्यायला लावले.